पुढच्या रांगेचे कान, मागच्या रांगेचा संवाद

दिवाळी सरली, धानाची कापणी-मळणी आटोपली, की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या गावागावांत दिवसा बाजार भरतो, कुठे शंकरपट रंगतो आणि रात्री नाटक होते. नाटक म्हणजे शहरातला दोन-अडीच तासांचा प्रयोग नव्हे. रात्री नऊ-दहाला पडदा उघडतो आणि खेळ पहाटेकडे झुकेपर्यंत चालतो. वडसा हे या व्यवसायाचे केंद्र. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राचेही तिकडे लक्ष गेले.

तिरोडा तालुक्यातले बोदलकसा याच पट्ट्यात येते. जलाशय, भोवती टेकड्या आणि झाडी, जवळच नागझिऱ्याचे जंगल. अशा गावात नाटक, ऑर्केस्ट्रा किंवा मोठा सांस्कृतिक कार्यक्रम ठेवायचा म्हटले, की मंडळाची पहिली बैठक साउंडवाल्याबरोबर होते. तिथे ठरलेले तीन प्रश्न विचारले जातात : बेस किती, टॉप किती, वॅट किती? अलीकडे चौथा प्रश्न वाढला आहे : लाईन ॲरे आहे का?

पहिल्या रांगेत किती डेसिबल आणि शेवटच्या रांगेत किती, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरे तर भाडे ठरवण्याआधी तोच विचारायला हवा. कारण मंचासमोरच्या सतरंजीवर, स्पीकरपासून चार पावलांवर, गावातली लहान मुले बसलेली असतात.

वॅटचा भ्रम

वॅट हे यंत्राला दिलेल्या विजेच्या ताकदीचे माप आहे, कानावर पडणाऱ्या आवाजाचे नव्हे. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ५ हजार वॅटच्या जागी १० हजार वॅट लावले, तर श्रोत्याला ‘थोडा वाढला’ एवढेच जाणवते. आवाज दुप्पट मोठा वाटावा यासाठी साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात, म्हणजे दहापट ताकद. त्यामुळे मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून वॅट वाढवणे हा सर्वांत महागडा उपाय आहे. त्याचा त्रास पुढच्यांना आधी होतो.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होते. मोकळ्या मैदानात एकट्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने घटतो. मंचाच्या कडेला, कानाच्या उंचीवर ठेवलेल्या स्पीकरपासून पहिली रांग ३ मीटरवर आणि शेवटची ४८ मीटरवर आहे असे धरू. तीनाचे सहा, सहाचे बारा, बाराचे चोवीस, चोवीसचे अठ्ठेचाळीस. चार वेळा अंतर दुप्पट झाले, म्हणजे २४ डेसिबल कमी झाले. शेवटच्या रांगेत कुजबुज आणि चहाच्या टपरीचा गलका यांच्या वर संवाद नीट ऐकू यायचा तर तिथे ७५ डेसिबल तरी हवेत. मग पहिल्या रांगेत ९९ डेसिबल होतात.

कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सोसावा. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटे. नाटक सहा तासांचे असते. त्यातली गाणी संवादांपेक्षा मोठ्याने वाजतात. शिवाय ही शिफारस कारखान्यातल्या प्रौढ कामगारांसाठी आहे, सतरंजीवरच झोपी गेलेल्या चार वर्षांच्या पोरासाठी नाही.

कानात काय होते

आंतरकर्णातल्या शंखाकृती नळीत, प्रत्येक कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. हवेतल्या कंपनांचे मेंदूला कळणाऱ्या संदेशात रूपांतर करण्याचे काम त्या करतात. फार मोठा किंवा फार वेळ चाललेला आवाज त्यांना आधी थकवतो, मग मारतो. कार्यक्रमानंतर कान बधिर वाटणे किंवा कानात शिट्टी वाजत राहणे ही थकव्याची खूण. पुष्कळदा सकाळपर्यंत ते बरे वाटते आणि माणूस निर्धास्त होतो. पण मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. २००९ साली उंदरांवरच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. साध्या श्रवणचाचणीत हे दिसत नाही.

आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाचा पहिला घाव साधारण ४ हजार हर्ट्झच्या आसपास बसतो. स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती बऱ्याच अंशी याच उंच पट्टीतल्या आवाजामुळे. म्हणून असा माणूस ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी तक्रार करतो. त्याला घरचे लोक हळू बोलतात असे वाटते. चाचणी होईपर्यंत बरीच वर्षे गेलेली असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनाच्या ठिकाणांसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. कोणत्याही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या पुढे जाऊ नये, आवाज सतत मोजला जावा, कानात घालायचे बोळे उपलब्ध असावेत आणि थोडा वेळ कानांना विसावा देणारी शांत जागा असावी, असे त्यात आहे. या यादीत जागेची आणि ध्वनियंत्रणेची योग्य मांडणी हाही एक स्वतंत्र मुद्दा आहे. तिथेच लाईन ॲरेचा संबंध आरोग्याशी येतो.

लाईन ॲरे म्हणजे नेमके काय

मोठ्या मैफलींत मंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखी वळलेली, एकाखाली एक टांगलेली स्पीकरची रांग दिसते, तीच ही. उभ्या ओळीत स्पीकर मांडण्याची कल्पना जुनी आहे. आज दिसणाऱ्या स्वरूपाचा पाया १९९२ मध्ये फ्रान्सचे ख्रिस्तियान हेल आणि मार्सेल अर्बां यांच्या शोधनिबंधाने घातला. अनेक स्पीकर उभ्या रेषेत पुरेसे जवळ ठेवले, तर त्यांच्या लहरी एकत्र येऊन एकाच लांब पट्टीतून निघाल्यासारख्या पुढे सरकतात. वर आणि खाली विखुरण्याऐवजी आवाज समोर जातो. परिणामी काही अंतरापर्यंत अंतर दुप्पट झाले तरी आवाज ६ ऐवजी ३ डेसिबलनेच घटतो. पुढची आणि मागची रांग यांतला फरक कमी होतो. मागच्यांसाठी पुढच्यांचे कान फोडावे लागत नाहीत.

‘काही अंतरापर्यंत’ हे शब्द जाहिरातींत गाळले जातात. सगळी गोम त्यातच आहे. ते अंतर दोन गोष्टींवर ठरते : रांगेची लांबी आणि आवाजाची पट्टी. साधारण फूटभर उंचीचे चार डबे टांगले तर रांग १.२ मीटरची होते. माणसाच्या आवाजातल्या १ हजार हर्ट्झच्या भागासाठी या रांगेचा फायदा जेमतेम सव्वादोन मीटरपर्यंत टिकतो. पुढे ती साध्या स्पीकरसारखीच वागते. आठ डबे टांगले, रांग २.४ मीटरची केली, तर तेच अंतर साडेआठ मीटरच्या पुढे जाते. लांबी दुप्पट, अंतर चौपट. ४ हजार हर्ट्झच्या भागासाठी आठ डब्यांचा पल्ला ३४ मीटरपर्यंत पोहोचतो. चार डब्यांची रांग अगदी निरुपयोगी नसते, वर-खाली वाया जाणारा आवाज ती थोडा आवरते. पण ‘लाईन ॲरे’ या नावाचे भाडे देण्याइतकी ती लाईन ॲरे नसते.

बेसच्या बाबतीत तर हा नियम जवळपास लागूच होत नाही. १०० हर्ट्झच्या ध्वनीची लहर साडेतीन मीटर लांब असते. तिच्यापुढे अडीच मीटरची रांग तोकडी पडते. म्हणून संवाद आणि गाण्याचे बोल लाईन ॲरेने नेमके प्रेक्षकांत सोडता येतात, बेस मात्र चहूकडे पसरतो.

दुसरी मेख डब्याच्या आत असते. १० हजार हर्ट्झची लहर ३.४ सेंटीमीटरची. अशा आवाजांना एकत्र वाहायचे तर त्यांचे उगम पावणेदोन सेंटीमीटरपेक्षा जास्त दूर नकोत, आणि इतके जवळ स्पीकर ठेवणे शक्य नसते. त्यासाठी डब्यात खास आकाराची ध्वनिवाट बसवतात. ती गोलाकार लहर सपाट पट्टीसारखी करून बाहेर सोडते. बाजारात दिसायला हुबेहूब, पण आत साधा हॉर्न बसवलेले डबेही लाईन ॲरे म्हणून फिरतात. त्यांच्या लहरी एकमेकींना काही जागी वाढवतात, काही जागी खोडतात.

हे ओळखायला अभियंता लागत नाही. मिक्सरमधून ‘पिंक नॉइज’ नावाचा धबधब्यासारखा सलग खळखळाट सोडायला सांगावा आणि मंचापासून मागपर्यंत सरळ चालत जावे. खळखळाटाचा पोत एकसारखा राहिला तर मांडणी चांगली. पावलागणिक तो बदलत, फिरल्यासारखा वाटत असेल तर डबे किंवा त्यांचे कोन चुकलेले आहेत. साउंडवाला ही चाचणी टाळू लागला, तर तेही एक उत्तरच समजावे.

उंची फुकट मिळते

पुन्हा त्या ३ आणि ४८ मीटरच्या मैदानाकडे जाऊ. तोच एकटा स्पीकर प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा ६ मीटर वर नेला, तर पहिल्या रांगेपासूनचे त्याचे अंतर ३ ऐवजी ६.७ मीटर होते. मागच्या रांगेचे अंतर जवळपास तेवढेच राहते. फरक २४ वरून १७ डेसिबलवर येतो. मागे ७५ ठेवून पुढे ९९ ऐवजी ९२. एकही नवीन डबा न आणता ७ डेसिबल वाचले.

आता तिथे पुरेशी लांब रांग टांगली, वरचे डबे मागच्या प्रेक्षकांकडे सरळ रोखले आणि खालचे हळूहळू वाकवून कमी आवाजात ठेवले, तर फरक ८ डेसिबलच्या आसपास आणता येतो. म्हणजे मागे ७५, पुढे ८३. हिशेब ढोबळ आहे, मैदानागणिक बदलेल. पण ९९ आणि ८३ यांतले अंतर म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत धोक्याची रेषा ओलांडणे आणि रात्रभर नाटक बघून ठणठणीत कानांनी घरी जाणे यांतले अंतर आहे. आवाज फार वरून येतो असे पुढच्यांना वाटू नये म्हणून मंचाच्या कडेला दोन-चार छोटे स्पीकर अगदी हळू आवाजात ठेवतात.

उंचीबरोबर वजन येते. एक डबा २० ते ६० किलोचा असतो. आठ डबे, चौकट आणि साखळी मिळून एका बाजूला काही क्विंटल भार लटकतो. तो मांडवाच्या बांबूला किंवा मंचाच्या पाइपाला कधीही टांगू नये. त्यासाठी स्वतंत्र ट्रस, भार पेलण्याची क्षमता कोरलेली चेन पुली आणि एक तुटले तरी दुसरे धरून ठेवील अशी वेगळी तार हवी. धानाच्या बांधीत ओल बरेच दिवस टिकते. वरून कोरडी दिसणारी जमीन भाराखाली खचते, म्हणून ट्रसच्या पायाखाली रुंद फळ्या किंवा पत्रे घालावेत. खाली कुणाला बसू देऊ नये. साउंडवाल्याकडे टांगण्याचे धड सामान नसेल, तर लाईन ॲरे नको म्हणणे हाच शहाणपणा.

आणि पुष्कळ ठिकाणी तो नकोच असतो. तीन-चारशे माणसांच्या कार्यक्रमाला उंच स्टँडवरचे दोन चांगले साधे स्पीकर पुरतात. हजार-दीड हजारांसाठीही एक स्वस्त वाट आहे : मैदानाच्या मध्यावर स्पीकरची दुसरी जोडी. तिथला आवाज मात्र मुद्दाम उशिरा सोडावा लागतो. ध्वनीला २५ मीटर जायला सुमारे ७३ मिलिसेकंद लागतात. त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद आणखी मिळवून मधल्या जोडीला विलंब दिला, तर मंचाचा आवाज आधी पोहोचतो आणि मेंदू दोन्ही आवाज मंचाकडूनच आले असे समजतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या सुमारास या परिणामाचा अभ्यास केला, म्हणून त्याला हास यांचे नाव पडले. आजच्या बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते, फक्त ती वापरायला सांगणारे कुणी हवे. हजारो प्रेक्षक आणि ६०-७० मीटर खोल मैदान असेल, तेव्हा खऱ्या लाईन ॲरेचे भाडे वसूल होते.

मैदानाबाहेरचे श्रोते

बोदलकसा परिसरात प्रेक्षकांखेरीज आणखीही ऐकणारे आहेत. जलाशयापलीकडची वस्ती, हिवाळ्यात पाण्यावर उतरणारे पक्षी आणि जंगलातले प्राणी. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते. ध्वनी उबदार हवेत जरा वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेली लहर वाकून पुन्हा जमिनीकडे येते. दिवसा उलटे घडते, आवाज वर वाकून विरतो. दुपारी चारला ‘पलीकडच्या गावाला काही ऐकू जात नाही’ अशी खात्री करून घेतलेली यंत्रणा रात्री बाराला तिथल्या खिडक्या हलवू शकते. तळ्याचे सपाट पाणी तर ध्वनी शोषतच नाही, परतवते.

यात सर्वांत दूर जातो तो बेस. म्हणून मंच कोणत्या दिशेला तोंड करून उभारायचा, हा निर्णय साउंडच्या बिलाइतकाच मोलाचा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. स्पीकरचे तोंड जंगलाकडे किंवा पाण्याकडे नको. बेसच्या पेट्यांतली काही पेटी उलट्या तोंडाने ठेवून, तिला योग्य विलंब देऊन मागे जाणारा बेस बराच खोडता येतो. जाणकार साउंडवाल्याला ‘कार्डिओइड’ म्हटले की कळते.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी ते चालते. रात्रभराच्या नाटकाची परंपरा आणि हा नियम यांचा मेळ सहज बसत नाही. परवानगी आणि वेळ यांचा निकाल जाहिरात छापण्याआधी लावावा, रात्री दहाला पोलिसांशी हुज्जत घालून नव्हे.

मोजणीत एक फसगत आहे. नेहमीचे मोजमाप ‘ए’ पद्धतीने होते, आणि ती ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी धरते. आकडा नियमात बसतो आणि शेजारच्या घरातली भांडी थरथरतात, ते यामुळे. मीटरवर ‘सी’ पद्धतीचा पर्याय असतो. दोन्ही आकड्यांत फार मोठे अंतर दिसले, तर बेस खाली आणायला सांगावे. संवादप्रधान नाटकाला त्याची गरजही नसते. ऑर्गन-तबल्याची साथ आणि नटाचा आवाज बेसखाली दबला, की साउंडवाला पुन्हा सगळाच आवाज वाढवतो.

इसार देताना कागदावर काय लिहावे? डबे किती, हे लिहाच. शिवाय रांगेचा मध्य जमिनीपासून किती उंच, पहिल्या रांगेत १५ मिनिटांची सरासरी किती डेसिबलपुढे जाणार नाही आणि शेवटच्या रांगेत किमान किती मिळेल, हे तीन आकडे घाला. मंच आणि पहिली सतरंजी यांत पाच-सहा मीटर मोकळे सोडा. बेसच्या पेट्यांसमोर दोरी बांधा. तान्ह्या बाळांना घेऊन आलेल्या आयांसाठी मैदानाच्या मध्यापलीकडे जागा राखा. साउंडवाले आणि मंचालगत बसणारे वादक यांच्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे आणून ठेवा. मोजायला स्वस्तातला मीटरही चालतो. आयफोन असेल तर नायोशचे मोफत ॲप पुरेसे अचूक आहे. इतर फोनवरच्या ॲपचा आकडा मात्र अंदाज म्हणूनच घ्यावा.

मोजायला मंडळातला एक माणूस नेमावा. त्याने मीटर घेऊन मुलांच्या सतरंजीवर, त्यांच्या कानांच्या उंचीवर बसावे. संध्याकाळच्या चाचणीवेळी एकदा, पहिले गाणे सुरू झाल्यावर दुसऱ्यांदा आणि हवा गार पडल्यावर, साडेअकराच्या सुमारास, जलाशयाच्या पलीकडच्या काठावर जाऊन तिसऱ्यांदा.